पाठ पाहिली, पोट नाही

सन एकोणीसशे बेचाळीस, कार्तिक महिना, पहिला पंधरवडा. नागली कापून खळ्यावर आली होती, भात अजून अर्धे उभे होते, आणि सकाळी दरीत धुके भरून राहत असे.

एवढे नेमके सांगतो, कारण बाकीचे लोक नेमके सांगत नाहीत. तीन माणसे एका डोंगरावर दोन महिने बसवली की किस्से आपोआप साचतात. खळ्याच्या कडेला भूस साचते तसे. ते कोणी मुद्दाम साठवत नाही, आणि उडवायला मात्र कोणीही येतो. मोखाड्याच्या बाजारात मी हे किस्से दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले आहेत. सांगणारा हसतो, ऐकणारा हसतो. त्यातला एकही तेव्हा डोंगरावर नव्हता. मी होतो. मला हसू येत नाही.

या किश्श्यांच्या पायी धाकू नावाच्या माणसाला खोटी खबर दिली म्हणून कोठडीत घातले. ती खबर धाकूची नव्हती. लोक हे एवढे सोडून बाकी सगळे सांगतात, म्हणून मी लिहितो. माझे शिक्षण दुसरीपर्यंत. अक्षर चुकले तर वाचणाऱ्याने दुरुस्त करावे. हकिगत दुरुस्त करू नये.

*

तेव्हा जव्हारला राजाचे राज्य होते आणि जगात युद्ध चालू होते. जपान ब्रह्मदेशापर्यंत आला होता. त्याची विमाने इकडेही येतील म्हणून संस्थानाने सूर्यमाळच्या बाजूला डोंगराच्या कडेवर टेहळणीची चौकी घातली. चौकी म्हणजे कुडाची खोप. काम एकच. विमान दिसले की ते आपले की जपानी हे ओळखायचे, आणि धावत मोखाड्याच्या कचेरीत खबर द्यायची.

चौकीवर धाकू आणि मी. मी खोडाळ्याचा, संस्थानचा हंगामी शिपाई. आमच्यावर जव्हारच्या कचेरीतला एक कारकून नेमला. त्याचे नाव लिहीत नाही, त्याची नातवंडे चांगली आहेत. आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणत होतो.

विमाने ओळखायला जव्हारहून पत्र्याच्या पेटीत फोटो आले. काही नवे. काही मागच्या युद्धातले, पिवळे पडलेले, त्यातल्या विमानांचे पंख दुमजली आणि तारांनी बांधलेले. प्रत्येक फोटोच्या मागे इंग्रजीत लिहिले होते: विमानाचे नाव काय, कोणाचे, बॉम्ब टाकणारे की नाही.

भाऊसाहेबाला वाटले, सुटे फोटो डोंगरावरच्या वाऱ्याने उडतील. त्याने मैद्याची खळ शिजवून घेतली आणि सगळे फोटो जाड पुठ्ठ्यांवर चिकटवले. ओळीत, सरळ, पट्टी लावून. दोन दिवस उन्हात वाळवले. मला म्हणाला, "याला म्हणतात व्यवस्था."

तिसऱ्या दिवशी धाकूने विचारले, "भाऊसाहेब, यातली आपली कुठली नि जपान्याची कुठली?"

भाऊसाहेबाने ऐटीत पुठ्ठा उलटा केला. मागे पुठ्ठाच होता.

मग त्याने आठवून आठवून फोटोंच्या खाली शाईने नावे घातली. एका फोटोशी बराच वेळ अडला. मी म्हणालो, आता हे कोणाचे लिहिणार?

तो म्हणाला, "देखणे आहे. आपले असणार."

*

धाकू सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरचा. नागली, वरई करायचा आणि कड्यावरचा मध उतरवायचा. झऱ्यावर पाणी पिऊन माशी उठली की ती कुठल्या कड्याकडे जाते हे तो नजरेने धरायचा. बाकीच्यांना माशी उठलेलीसुद्धा दिसत नसे.

त्याला वाचता येत नव्हते. फोटोतल्या विमानांना त्याने स्वतःची नावे दिली. एक टिटवी, एक बगळा, एक मोडका नांगर. सगळी सांगत नाही, दोनच सांगतो, ती ध्यानात ठेवावी.

एका विमानाला चार इंजिने, शेपटीला दोन उभ्या फळ्या, आणि पंख अंगापासून सुटा, खांब देऊन वर ठेवलेला. शेतात डुकरांची राखण करायला आपण खांबांवर माच बांधतो तसा. त्याला धाकू माच म्हणायचा. त्याचे पोट होडीसारखे, कारण ते समुद्रावर उतरणारे. ते जपानी.

दुसऱ्याला तशीच चार इंजिने, शेपटीला तशाच दोन फळ्या, पण पंख अंगात रुतलेला आणि पोट खोल. त्याला धाकू म्हैस म्हणायचा. ते आपल्या बाजूचे. लिबरेटर नावाचा मोठा बॉम्बर.

जव्हारहून कागद आला, शिपायांची परीक्षा घेऊन निकाल कळवा. भाऊसाहेबाने खालच्या नावावर तळहात ठेवून एकेक फोटो विचारला. माझे पाच चुकले. आपले की जपानी हे सांगताना धाकूचा एकही चुकला नाही. मग मी तळहात ठेवून भाऊसाहेबाला विचारले, तर म्हणाला परीक्षा शिपायांची आहे.

संध्याकाळी त्याने निकाल लिहिला. मी वाचला. महादू, पास. महादू म्हणजे मी. धाकू, नापास. कारण, विमानांना जनावरांची नावे सांगतो.

धाकूला वाचून दाखवले. तो म्हणाला, "मंग विमानालाच इचारा, त्याला कंचं नाव आवडतं."

*

चौकीला एक दुर्बीण मंजूर झाली होती. ती खरोखर आली, चामड्याच्या डब्यात. भाऊसाहेबाने सही करून घेतली. सही त्याची, म्हणजे मोडली तर जबाब त्याचा. त्याने ती खोडाळ्याला, तो उतरला होता त्या घरी, ट्रंकेत घातली आणि कुलूप लावले. स्वतः आठवड्यातून दोनदा वर यायचा. मी म्हणालो, निदान येताना घेऊन येत जा. तो म्हणाला, चढणीला पाय घसरला तर?

दोन महिने ती दुर्बीण ट्रंकेतला अंधार न्याहाळत होती आणि आम्ही डोंगरावर डोळे बारीक करून बसत होतो.

पुढे तपासणीचा कागद आला. दुर्बीण कोणत्या स्थितीत आहे ते कळवा. भाऊसाहेबाने लिहिले, "एक ओरखडा नाही."

खोटे लिहिले असे मला म्हणता येणार नाही!

*

दुसरा हुकूम असा होता की चौकीवर चूल पेटवू नये, धूर वरून दिसतो. आमच्या खाली सात पाडे. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातून धूर निघे. जपान्याला ते सात पाडे दिसणार नव्हते, आमची तीन दगडांची चूल तेवढी दिसणार होती. ठीक. हुकूम तो हुकूम. दोन महिने आम्ही गार भाकर आणि चटणी खाल्ली.

भाऊसाहेब वर आला की त्याला चहा लागे. धाकूने पहिल्या वेळी विचारले, धुराचे काय करायचे. भाऊसाहेबाने वही काढली, हुकुमाच्या खाली एक ओळ वाढवली आणि मला वाचायला दिली.

"चहा करताना आकाशाकडे विशेष लक्ष ठेवावे."

धाकूने चूल पेटवली. मी विशेष लक्ष ठेवले.

*

एका दुपारी भाऊसाहेबाने आभाळात काळा ठिपका पाहिला. पंख हलत नाहीत, गोल फिरते आहे. धाकू पाणी आणायला झऱ्यावर गेलेला. मी म्हणालो, गिधाड आहे. भाऊसाहेब म्हणाला, परीक्षेत पास झालास म्हणून शहाणा झालास काय? त्याने खबर लिहिली आणि मला धाडले.

मी सूर्यमाळवरून मोखाड्यापर्यंत पळत गेलो. कचेरीत त्यांनी कागद वाचला आणि विचारले, विमाने किती? कागदात आकडा नव्हता. विचारून ये म्हणाले. मी परत चढलो. पायाला फोड आले होते आणि एक फुटला होता.

तोवर धाकू पाणी घेऊन आला होता. मी धापा टाकत विचारले, किती?

त्याने मान वर केली. "आता सात हाईत," म्हणाला. "खालच्या पाड्यावर बैल मेलाय. उद्या अजून येतील."

मला वाटले आता तरी भाऊसाहेब खाली मान घालील. त्याने वही उघडली आणि लिहिले, "शत्रूची विमाने काही काळ घिरट्या घालून निघून गेली."

बाजारात हा किस्सा सांगताना लोक पोट धरतात. कोणी माझ्या पायाचे विचारत नाही. ते जाऊ दे. पण ती वही कशी होती हे त्या दिवशीच मला कळले होते, आणि कळूनही पुढे मी जे केले ते केले.

*

आता कार्तिकातली ती सकाळ.

दरीत धुके, वर लख्ख ऊन. भाऊसाहेब त्या दिवशी चौकीवर होता. दुर्बीण ट्रंकेत होती.

आवाज आला. जाड, घुमणारा. आम्ही वर पाहू लागलो. आभाळ रिकामे. आवाज वाढत चालला आणि वर काहीच नाही. भाऊसाहेब म्हणाला, ढगामागे असेल. ढग नव्हता.

धाकूने एकट्याने खाली पाहिले. "त्ये बघा," म्हणाला.

विमान आमच्या पायांखालून चालले होते. धुक्याच्या वरून, दोन डोंगरांच्या मधून, वाट चुकलेल्या गुरासारखे. चार इंजिने. शेपटीला दोन उभ्या फळ्या. पंखावर लाल गोल. पंधरा-वीस श्वास दिसले आणि वळणाआड गेले.

ज्यांनी चौकीची जागा ठरवली त्यांनी उंच जागा शोधली. ज्यांनी फोटो काढले त्यांनी जमिनीवर उभे राहून काढले. पेटीतल्या एकाही फोटोत विमानाची पाठ नव्हती. दोन महिने आम्ही रोज पोटे पाठ केली, आणि आले ते पाठ दाखवून गेले. डोंगरावर बसणाऱ्याला खालून जाणारी वस्तू वरून दिसते, हे सूर्यमाळच्या पोराला कळते. आम्हा तिघांना कळले नाही.

भाऊसाहेबाने पुठ्ठे मांडले. चार इंजिने आणि दोन फळ्या असे दोनच. माच आणि म्हैस. यातले कुठले, त्याने विचारले.

धाकू म्हणाला, "पाठ बघली. पोट नाय बघलं. पंख रुतल्याला का खांबांवर, त्ये खालून कळतं. वरून दोनी सारखीच."

लाल गोल दिसला ना, भाऊसाहेब म्हणाला. पेटीतल्या कागदावर जपानची खूण लाल गोल अशी होती.

"दिसला. पन लालाच्या भवती काळपट कडं व्हतं. निस्ता लाल नाय."

भाऊसाहेबाला कडे दिसले नव्हते. मलाही नाही. मला फक्त लाल दिसले होते. पण विचारले आहे तर उत्तर दिलेच पाहिजे, आणि पास झालेल्या माणसाने तर दिलेच पाहिजे, असे मला वाटले. मी माचेवर बोट ठेवले. म्हणालो, "हे. जपानी."

धाकू म्हणाला, "महादू, घाई करतूस."

मी त्याला म्हणालो, "तू नापास आहेस."

भाऊसाहेबाने वही काढली. लिहिले, जपानी बॉम्बर, चार इंजिनांचा, दरीतून गेला. त्याखाली लिहिले, ओळखणार: धाकू. आणि धाकूचा अंगठा घेतला.

मला वाचता येत होते. धाकूला येत नव्हते. म्हणूनच त्याचे नाव घातले. खबर खरी ठरली तर श्रेय घ्यायला भाऊसाहेब आहेच, खोटी ठरली तर अंगठा भांडायला येत नाही. लिहून झाल्यावर भाऊसाहेबाने माझ्याकडे पाहिले. मला नोकरीत कायम करावे अशी शिफारस तो पुढच्या महिन्यात करणार होता.

मी धुक्याकडे पाहिले.

धाकूने अंगठ्याची शाई गवताला पुसली, वहीतून उतरवून दिलेला खबरीचा कागद कमरेला खोचला आणि मोखाड्याला पळत गेला. स्वतःच्या विरुद्धचा कागद त्याने स्वतःच पोचवला.

*

मोखाड्याहून खबर जव्हारला पोचेपर्यंत एका विमानाची तीन झाली. बाजार बंद. एका दुकानदाराने तेलाचे डबे विहिरीत सोडले. लोक गुरे घेऊन रानात गेले. खोडाळ्यात एकाचा पांढरा बैल होता. वरून दिसेल म्हणून त्याने बैल शिंगापासून शेपटीपर्यंत शेणाने सारवला. घरची भिंत सारवतात तसा, हाताची नक्षी काढून!

हा किस्सा सगळ्यात जास्त चालतो. मी तो लग्नात ऐकला आहे, मयतीला ऐकला आहे. त्याच आठवड्यात त्याच रस्त्याने धाकूला कमरेला दोरी बांधून नेले, ते कोणी सांगत नाही.

कारण लष्कराचा कागद आला होता. त्या दिवशी या बाजूला जपानी विमान आल्याची कुठेच खबर नाही. आपला एक बॉम्बर मात्र वाट चुकला होता. तेच असावे. युद्धाच्या काळात खोटी खबर देणे हा गुन्हा आहे. देणारा कोण?

भाऊसाहेबाने वही पुढे केली.

मोखाड्याला बाजाराचा दिवस होता. पोरे मागे लागली, "जपान्या, जपान्या." मोठी माणसे कडेला सरून वाट देत होती, त्यात काही धाकूकडून मध नेणारी होती. वहीत काय आहे हे धाकूला तेव्हा कळले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. माझे नाव घेतले नाही. लष्कराचा साहेब येऊन चौकशी करीपर्यंत त्याला कचेरीच्या कोठडीत ठेवले.

त्याची नागली खळ्यावर पडलेली होती. मी दोन दिवसांची रजा काढून त्याच्या पाड्यावर गेलो आणि मळणी करून दिली. त्याची बायको चांगी उफणत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती थांबली.

"भावजी, तुम्हाला वाचाया येतं. त्या वहीत काय लिव्हलं त्ये तुम्ही बघलं नाय का?"

मी म्हणालो, नाही.

तिने मला भाकर वाढली. मी खाल्ली. एवढे लिहायला मला चाळीस वर्षे लागली.

दुसऱ्या वर्षी ऐकले की इकडच्या आपल्या विमानांवर जो गोल असायचा, त्यातला मधला लाल ठिपका सरकारने काढून टाकला. त्याच्याभोवती निळे कडे असे, पण लांबून लाल तेवढे दिसे आणि आपलेच लोक आपल्या विमानाला जपानी समजत. म्हणजे चुकणारा मी एकटा नव्हतो. मोठमोठे चुकले. ते ऐकून मला बरे वाटले नाही. लाल पाहून चुकणे वेगळे, आणि लिहिलेले वाचून गप्प बसणे वेगळे.

*

धाकूला कोठडीत घातल्यावर पंधरा दिवसांनी गोरा साहेब मोखाड्याला आला. कचेरीत टेबलाशी साहेब, शेजारी महालकरी. मोखाडा महालाचा तो अधिकारी, इंग्रजी जाणणारा, साहेबाचे बोलणे तोच आम्हाला सांगत होता. धाकू दोरीसकट भिंतीशी उभा. भाऊसाहेब धुतलेला फेटा बांधून पुढे. मी दाराशी, ड्युटीवर.

साहेबाने स्वतःबरोबर आणलेले फोटो टेबलावर मांडले. महालकरी म्हणाला, साहेबांना आधी खात्री करायची आहे. वाट चुकलेल्या विमानाच्या लोकांना आपण कुठे होतो ते नीट सांगता येत नाही. कदाचित ते वेगळे असेल आणि इथून गेलेले खरेच जपानी असेल. तसे ठरले तर ओळखणाऱ्याला बक्षीस आहे. कोणी ओळखले?

भाऊसाहेब एक पाऊल पुढे आला. "मी, साहेब. फोटो पाहून मीच ओळखले. हे दोघे अडाणी आहेत."

साहेबाने मान हलवली आणि विचारले, हे सगळे वर होते, खालून कोणी पाहिले आहे का?

महालकऱ्याने बुधीला बोलावून ठेवले होते. बुधी धाकूची भावजय. त्या सकाळी ती दरीच्या वळणापलीकडे, धुके विरले होते तिथे, भात कापत होती. शेताच्या बांधावरून तिचे आणि धाकूचे दोन वर्षे बोलणे बंद होते. महालकऱ्याने तेच आधी विचारले, तुझे याच्याशी भांडण आहे ना?

"याच्याशी हाय," बुधी म्हणाली. "विमानाशी कशाला आसंल?"

साहेबाने फोटो तिच्यापुढे सरकवले. आम्ही सगळे ते टेबलावर वाकून पाहत आलो होतो. बुधीने एक उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि मान वर करून खालून पाहिला. शेतात उभे राहून पाहतात तसा.

तो फोटो माचेचा होता. "ह्ये नाय," ती म्हणाली. "ह्याचं पोट होडीवानी हाय." तिने तो ठेवला आणि म्हशीचा उचलला. तसाच वर धरला. "ह्येच. पंखात दोन चाकं व्हती, अर्धी आत, अर्धी भाईर. भाकरीवानी गोल."

त्या फोटोत चाके धड दिसतही नव्हती. महालकऱ्याने इंग्रजीत सांगितले तसा साहेब खुर्चीतून उठला. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला चाके नसतात. आणि लिबरेटरची चाके पंखात अशीच अर्धी उघडी राहतात. विमान आपलेच होते. जपानी नव्हते.

म्हणजे खबर खोटी होती.

भाऊसाहेब एक पाऊल मागे गेला. "वही पाहावी," म्हणाला. "नाव धाकूचे, अंगठा धाकूचा. मी फक्त लिहून घेतले."

महालकऱ्याने वही ओढून घेतली. मघाचे बोलणे त्यानेच साहेबाला सांगितले होते, पाव तासही झाला नव्हता. मला वाटले आता तो बोलेल. तो म्हणाला, तोंडी ते तोंडी, लेखी ते लेखी. आणि साहेबासमोर वही उघडून अंगठा दाखवला.

धाकूला विचारले, जपानी कोण म्हणाले?

"मी पाठ बघली," धाकू म्हणाला. "पोट नाय बघलं."

परत विचारले. परत तेच. तिसऱ्यांदा विचारले. त्याने जमिनीकडे पाहून तेच सांगितले. महालकरी म्हणाला, याच्या मनात काय होते ते हा सांगत नाही, तेव्हा तीन महिने. दौत जवळ ओढली.

बुधी म्हणाली, "मी खरं सांगितलं म्हनून ह्याला आत घालता व्हय?" तिला बाहेर जायला सांगितले. ती गेली नाही.

मी दारापासून टेबलापर्यंत गेलो. कोणी बोलावले नव्हते. वही माझ्याकडे वळवली आणि ती ओळ मोठ्याने वाचली, अक्षराखाली बोट धरून, शाळेत शिकवले होते तशी. मग म्हणालो, "ओळखणार धाकू, हे खोटे आहे. जपानी मी म्हणालो. धाकू नको म्हणत होता. हे लिहिले तेव्हा मी वाचले होते."

भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाला, "महादू, तुला कायम व्हायचे आहे ना?"

महालकऱ्याने विचारले, मग त्या दिवशी का बोलला नाहीस?

"वाचता येत होते म्हणून," मी म्हणालो.

त्याने ते साहेबाला सांगितले की नाही मला माहीत नाही. त्याने कागदावरचे धाकूचे नाव खोडले आणि माझे घातले. महिने तेवढेच ठेवले.

शिपायाने धाकूच्या कमरेची दोरी सोडली आणि माझ्या कमरेला बांधली. धाकू पाड्याकडे निघाला. मी कोठडीत गेलो.